चावडीवरची सहमती आणि धुळ्याचे सामान्यरूप

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते असे सॉफ्टवेअर. परंतु बदलण्याची मुभा सर्वांना असली, तरी लाखो लोक रोज वापरतात त्या प्रतीत कोणता बदल जावा हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्या मुभेने सुटत नाही, उलट तिथूनच सुरू होतो. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. जळगावचा विद्यार्थी किंवा धुळ्याचा शिक्षक मोबाइलवर १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया उघडतो, तेव्हा लेख मराठी माणसांनी लिहिलेला असतो, पण त्याभोवतीची बटणे, सूचना आणि इशारे यांचा साचा जगभरच्या सगळ्या भाषांना एकच असतो, आणि तो सतत बदलत असतो.

वापरकर्त्यांना विचारण्याची रीत विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेला सहजासहजी अंगवळणी पडली नाही. जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर दृश्य संपादक, म्हणजे खुणांची भाषा न शिकता लेख दुरुस्त करण्याचे साधन, सरसकट सुरू करण्यात आले आणि विरोध इतका वाढला की सप्टेंबरमध्ये ते ऐच्छिक करावे लागले. पुढच्या वर्षी जर्मन संपादकांनी चित्रदर्शकाची नवी सोय नाकारली, तेव्हा विकिमीडिया फाउंडेशनने स्थानिक प्रचालकांनाही हात लावता येणार नाही असे विशेष कुलूप काही पानांवर घातले, आणि ते नोव्हेंबर २०१५ मध्ये काढून टाकले. त्यानंतर आलेला 'व्हेक्टर २०२२' हा नवा चेहरा मात्र २०२० पासून आधी काही भाषांच्या विकिपीडियांवर आजमावला गेला आणि प्रदीर्घ चर्चेनंतर जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजीवर आला. ओळींची रुंदी आखडल्याची तक्रार तरीही झालीच, पण ती रुंदी बदलण्याचे बटण तोवर ठेवलेले होते. तक्रार येणार हे धरून चालणे, एवढे शहाणपण दहा वर्षांत आले म्हणायचे.

मराठी विकिपीडियावर चर्चेच्या सामायिक जागेला 'चावडी' म्हणतात. एखाद्या विकिपीडियाच्या मांडणीत किंवा अधिकारांत बदल हवा असेल, तर फॅब्रिकेटर या कामाच्या नोंदवहीत, जी २०१४ पासून वापरात आहे, तशी मागणी नोंदवावी लागते आणि तिच्यासोबत स्थानिक चर्चेत सहमती झाल्याचा दुवा जोडावा लागतो. दुवा नसेल तर मागणी सहसा पुढे सरकत नाही.

परंतु या यंत्रणेचा खरा कस मोठ्या मतभेदांत लागत नाही, तो लागतो ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावरच्या एकेका ओळीत. मीडियाविकी पडद्यावर दाखवते ती प्रत्येक ओळ, जिला तिथे 'संदेश' म्हणतात, स्वयंसेवक आपापल्या भाषेत आणतात, आणि संदेशात जिथे एखादे नाव आयत्या वेळी बसायचे असते तिथे डॉलरचे चिन्ह व आकडा अशी रिकामी जागा ठेवलेली असते. इंग्रजीत या जागेत काहीही बसते. मराठीत तसे होत नाही, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे रूप पालटते आणि त्या पालटलेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात: साक्रीमध्ये, अमळनेरमध्ये इथवर यंत्राचे निभावते, पण धुळे असेल तर धुळ्यात, पारोळा असेल तर पारोळ्यात, चोपडा असेल तर चोपड्यात व्हावे लागते, आणि यंत्र मात्र 'धुळेमध्ये' छापून मोकळे होते. क्रियापदाचीही तीच गत: पारोळा हटवला, साक्री हटवली, धुळे हटवले. फिनिशसारख्या विभक्तिप्रचुर भाषांसाठी मीडियाविकीत व्याकरणरूपांची खास सोय आहे. मराठी अनुवादक बहुधा साधी युक्ती करतो आणि 'धुळे हे पान हटवले' असे लिहितो, म्हणजे नाव कोरे राहते, लिंगवचनाचा भार 'पान' या शब्दावर जातो आणि वाक्य खटकत नाही. सरकारी पत्रांतले 'धुळे येथे' हे याच जातीचे, आणि त्या रुक्ष वळणाची थोरवी अशा वेळी कळते.

इथे उपयोगी अभिप्राय आणि निरुपयोगी अभिप्राय यांतला फरक स्पष्ट दिसतो. 'मराठी अशुद्ध आहे' ही तक्रार खरी असूनही तिच्यावर काहीच करता येत नाही. परंतु कोणत्या पडद्यावर, कोणत्या संदेशात, धुळे, पारोळा, चोपडा, साक्री ही चार नावे घातल्यावर काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, असे लिहून देणाऱ्याने आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती चाचणीच दिलेली असते. इंग्रजी संदेश मागाहून बदलला की त्याच्या सर्व अनुवादांवर 'कालबाह्य' अशी खूण पडते, ती माणसाने पाहून उठवायची असते. मराठीच्या वाट्याला अशी नजर ठेवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, तर खुणा साचत जातात.

अडचणी याच्याही पलीकडच्या आहेत. फॅब्रिकेटरमधला व्यवहार जवळजवळ सगळा इंग्रजीत चालतो, त्यामुळे ज्याला खटकते तो आणि जो नोंदवतो तो ही दोन वेगळी माणसे होतात. चावडीवर चौघे 'हो' म्हणतात, बाकीचे गप्प राहतात, आणि ती शांतता संमती म्हणून धरली जाते. मोबाइलवर नुसते वाचून जाणाऱ्याला तर असा काही विचार चालू होता हेच कळत नाही. फाउंडेशन वाचकांच्या चाचण्या घेते, हे खरे. पण चाचणीत काही मोजक्या लोकांनी काय केले ते दिसते, त्यांना एखादे वाक्य आपले वाटले की परके, हे दिसत नाही.

खानदेशात हा प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो. धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग आणि नाशिकचे बागलाण-मालेगाव या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते, तर यावल-रावेरकडे लेवा गणबोली, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेची भाषा. २०११ च्या जनगणनेत अहिराणी जिच्यात मोजली जाते त्या खानदेशी भाषेखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले, आणि घरात अहिराणी बोलून कागदावर मराठी सांगणारे त्यात आलेले नाहीत. अहिराणीत ळ च्या जागी य येतो, काळा 'काया' होतो, डोळा 'डोया' होतो, आणि 'घरात' ऐवजी 'घरमा' म्हणतात. तेव्हा मराठी संदेशांतल्या युक्त्या तिला जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला 'एएचआर' हा स्वतंत्र संकेत आहे, म्हणजे पहिली अट पुरी होते. पण स्वतंत्र विकिपीडियासाठी प्रायोगिक दालनात सातत्याने लिहिणारी माणसे आणि सर्वाधिक लागणाऱ्या संदेशांचा अनुवाद या अटीही लागतात.

अनुवाद न झालेला संदेश कोणत्या भाषेत दाखवायचा, हे मीडियाविकीत प्रत्येक भाषेसाठी एका क्रमाने ठरवलेले असते, आणि क्रम दिलेला नसेल तर पडद्यावर इंग्रजी येते. अहिराणीसाठी तो क्रम मराठी असावा असे जळगाव-धुळ्यात बहुतेकांना सहज वाटेल. अहिराणीला मराठीची बोली न मानणारे अभ्यासक आणि लेखक त्यालाही हरकत घेतील, आणि भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ली भाषांसोबत ठेवले होते, हा दाखलाही पुढे येईल. आज्ञावलीत हा बदल जेमतेम एका ओळीचा आहे. त्या ओळीसोबत मात्र अहिराणी भाषकांच्या सहमतीचा दुवा जोडावा लागेल, आणि ती सहमती जिथे नोंदवायची ती अहिराणीची चावडी स्वतंत्र विकिपीडिया मिळाल्यावरच उभी राहते.