रानातली तूर शेतात कशी आली?



भोकरदनला केळणा नदीकाठची जुनी पांढर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९७३ साली, दुष्काळाच्या ऐन झळीत, नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. सातवाहन काळातील भोगवर्धन ते हेच. तेथील हस्तिदंती मूर्तीची चर्चा पुष्कळ झाली. आपल्या दृष्टीने मात्र मोलाचे ठरते ते पांढरीत मिळालेले जळके धान्य. जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही, म्हणून तो शतकानुशतके टिकतो. या दाण्यांत तूर ओळखता आली. काळ इ.स.पूर्व दुसरे ते इ.स. तिसरे शतक. तुरीचा सर्वांत जुना पुरावा म्हणून बरीच वर्षे भोकरदनचेच नाव घेतले जाई. पुढे अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे, तसेच कर्नाटक व ओडिशातही याहून जुने दाणे सापडले.

तूर मुळात रानातली. तिची सर्वांत जवळची जंगली बहीण आजही ओडिशा व बस्तरच्या डोंगरांत उगवते. तिची शेंग वाळली की तडकते, पीळ घेते आणि दाणे दूर उडवते. दाण्याचे कवच इतके टणक असते की पहिल्या पावसात थोडेच दाणे उगवतात, बाकीचे मातीत वाट पाहत पडून राहतात. झाडाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. एखादे वर्ष कोरडे गेले तरी वंश बुडत नाही. पण शेंगा गोळा करणाऱ्या माणसाची पंचाईत होते.

मग बदल कसा झाला? एका दिवसात कोणी शेतीचा शोध लावला नाही. वेचून आणलेल्यापैकी मूठभर दाणे कोणीतरी घराजवळ पेरले. जे लगेच उगवले त्यांच्याच शेंगा काढणीला आल्या. जे पडून राहिले ते पुढच्या पेरणीच्या बियाण्यात आलेच नाहीत. ज्या झाडाची शेंग उशिरा तडके तिचे दाणे टोपलीत जास्त पडत. असे पिढ्यान्‌पिढ्या होत गेले. माणसाने मुद्दाम निवड केली नसली तरी निवड होत होती. आज आपली तूर ओल मिळताच आठवड्याभरात उगवते, ती याचमुळे. पण मातीत दोन-तीन वर्षे तग धरण्याची ताकद तिने गमावली. ते काम आता आपल्या कणगीने करायचे.

एकदा शेती आली म्हणजे रान सुटले, असेही झाले नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथील लोक सातू, मसूर, कुळीथ पिकवत व धान्य पेवात साठवत. इ.स.पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले. सातूचे पीक रोडावले, तेव्हा तेच लोक पुन्हा शिकारीकडे व शेळ्यामेंढ्यांकडे वळल्याचे दिसते. आपणही पहिल्या पावसानंतर तरोटा, कुर्डू खुडतोच की!

रानातल्या तुरीचे काम संपलेले नाही. जिच्यापासून आपली तूर निघाली, त्याच जंगली जातीचा उपयोग करून हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने नरवंध्य वाण तयार केला व त्यावरून तुरीचे संकरित वाण निघाले. दुसऱ्या एका वेलवर्गीय रानतुरीच्या शेंगेवर दाट लव असते. तिच्यामुळे शेंगा पोखरणाऱ्या अळीला शेंगेत शिरणे अवघड जाते. हा गुण लागवडीच्या तुरीत आणण्याचे प्रयत्न झाले आहेत.

घरचे बियाणे ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीकरण बरेच होते. शेजारी दुसरा वाण असेल तर बांधालगतची झाडे बियाण्यासाठी घेऊ नयेत. काढणीपूर्वी शेताच्या मध्यभागातील निरोगी, भरपूर शेंगांची झाडे खुणेची चिंधी बांधून ठेवावीत व त्यांची मळणी वेगळी करावी. संकरित वाणाचे बियाणे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे लागते.