लीग आली, मुली बाहेरच राहिल्या

१४ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात 'अल्टिमेट खो-खो'चा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा रत्नागिरीत नेहमीसारखा पाऊस कोसळत होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावात श्रावणात उघड्या मैदानावरचा खो-खो बंदच असतो. जांभ्याच्या लाल मातीवर फक्कीने आखलेल्या रेघा जूनमध्येच वाहून गेलेल्या असतात. तिकडे पुण्यात मात्र मॅट होती, प्रकाशझोत होते, कॅमेरे होते. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये पहिल्यांदा बांधून दिले, तो खेळ शंभर वर्षांनी त्याच शहरात व्यावसायिक झाला, याचा आनंद कोकणातल्या प्रत्येक खो-खोवेड्याला झाला. तो खराच होता.

सहा संघ उतरले: मुंबई खिलाडीज, गुजरात जायंट्स, ओडिशा जगरनॉट्स, तेलुगू योद्धाज, चेन्नई क्विक गन्स आणि राजस्थान वॉरियर्स. मालकांमध्ये अदानी आणि जीएमआरसारखे उद्योगसमूह होते, ओडिशाच्या मागे तर राज्य सरकारच उभे होते. पण माझ्या मते पैशापेक्षा मोठी उलथापालथ झाली ती नियमांत. मैदान आखूड झाले. नऊऐवजी सात आक्रमक, नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटांची पाळी. गडी बाद केला की एकाऐवजी दोन गुण, आणि सूर मारून टिपला तर तीन. आक्रमकांत एक 'वजीर' आला. एरवी एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. वजिराला ती मोकळीक.

सर्वांत महत्त्वाचा बदल संरक्षणाचा. आपल्याकडे वर्तमानपत्रातल्या खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात मिनिटे आणि गडी छापतात. कोण किती वेळ पळाले, किती गडी मारले, हे त्या दोन आकड्यांवरून जाणकाराला कळते. मात्र ती मिनिटे कौतुकाची असत, त्यांचे गुण होत नसत. लीगमध्ये संरक्षकांची तुकडी अडीच मिनिटे तग धरून राहिली की बोनस गुण मिळू लागले. हुलकावण्या देत, खांबाला वळसे घालत जीव तोडून पळणाऱ्याला पहिल्यांदाच गुणफलकावर जागा मिळाली.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला झाला. तेलुगू योद्धाज ४५-४३ ने पुढे, वेळ संपत आलेली, आणि ओडिशाच्या सूरज लांडेने अंग झोकून सूर मारला. तीन गुण, ४६-४५. खांबाशी किंवा मोकळ्या पाटीत सूर मारताना पोट, कोपर आणि हनुवटी एकाच वेळी जमिनीला भिडतात. मॅटवर ते निभावते. जांभ्याच्या मातीवर सराव करणाऱ्याच्या कोपरावरची खपली हंगामभर वाळत नाही. त्या एका सुराने लाखो लोकांना खो-खो दाखवला.

आता रत्नागिरीचे सांगायला हवे. या जिल्ह्याची खो-खोतली ओळख मुलींनी घडवली आहे. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार, आरती कांबळे ही महाराष्ट्राच्या संघातून खेळलेली नावे रत्नागिरीची. दोन खांब आणि सपाट जागा एवढ्यावर हा खेळ उभा राहतो, म्हणून तो सामान्य घरांतल्या मुलींपर्यंत पोहोचला. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या महिलांनी सुवर्ण मिळवले, ते बालेवाडीचा हंगाम संपल्यावर काही आठवड्यांतच. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला २२ वर्षांनी. आणि बालेवाडीत लीगचे सहाच्या सहा संघ पुरुषांचे होते. कटकला २०२३-२४ मध्ये झालेल्या दुसऱ्या हंगामातही तेच. अंतिम सामन्यात गुजरातने चेन्नईला ३१-२६ असे हरवले, त्या झगमगाटात मुलींचा एकही संघ नव्हता.

'महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक कुठून येणार?' हा प्रश्न बास्केटबॉलमध्येही विचारला गेला होता. अमेरिकेतली पुरुषांची मोठी लीग १९४६ मध्ये सुरू झाली, तिच्या आधाराने महिलांची लीग आली १९९७ मध्ये, आठ संघांनिशी. पुरुषांचा हंगाम नसतो त्या उन्हाळ्यात तीच स्टेडियम वापरायची, अशी साधी सोय त्यांनी केली. भारतात २०१५ मध्ये यूबीए ही बास्केटबॉल लीग सुरू झाली होती. तिच्यात पुणे पेशवाज होते, मुंबई चॅलेंजर्स होते. २०१७ मध्ये ती बंद पडली. लीग म्हटले की पैसा बुडण्याची भीती असतेच, हे मी नाकारत नाही. पण ती भीती पुरुषांच्या लीगलाही होती, आणि तरी ती सुरू केली गेली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, २३ देशांचा. तो खेळवला गेला सात खेळाडू, सात मिनिटांच्या चार पाळ्या आणि संरक्षणाचे गुण अशा स्वरूपात, म्हणजे लीगने रुळवलेल्या वेगवान खो-खोच्या धर्तीवर. प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने नमवले. फ्रँचायझी लीगचा एकही पूर्ण हंगाम वाट्याला न आलेल्या मुलींनी हे करून दाखवले. त्या पंधरा जणींत रत्नागिरीचे नाव नव्हते, याची चुटपुट इथे आहे. पण मोठी अडचण पुढची आहे. वेगवान खेळ, मॅटचा सराव, वजिराची चाल हे सगळे आता निवडीसाठी लागते. मुलांना ते लीगमध्ये शिकायला मिळते, सोबत मानधन, प्रशिक्षक आणि फिजिओ मिळतो. मुलींनी ते शाळेच्या पटांगणात, पाऊस उघडेल तेव्हा शिकायचे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतले पाच टक्के क्रीडा आरक्षण हाच बहुतेक घरांचा आधार. ते मिळाले नाही, तर बावीस-तेविसाव्या वर्षी बूट कपाटात जातात.

पुरुषांचा पहिला हंगाम २२ दिवस चालला. त्याच मॅटवर, त्याच कॅमेऱ्यांसमोर, मुलींचे चार संघ आणखी दहा दिवसांत खेळवता येतील. त्यासाठी नवे स्टेडियम बांधावे लागत नाही. भारतीय खो-खो महासंघाने आणि संघमालकांनी पुढच्या हंगामाची घोषणा करताना महिलांच्या तारखा त्याच पत्रकात छापाव्यात, आणि निवड चाचणीचे एक केंद्र कोकणात ठेवावे.