सहा मोठे की चोवीस? दोन कॅमेऱ्यांची तुलना

तुलना करताना पहिला प्रश्न हा, की आपण नेमकं काय मोजतो आहोत? नवशिक्यांसाठी काढलेले दोन कॅमेरे घेऊ. निकॉन डी४० हा २००६चा डीएसएलआर, ६ मेगापिक्सेलचा. कॅनन ईओएस एम१०० हा २०१७चा मिररलेस, २४ मेगापिक्सेलचा. मग नवा चौपट चांगला का?

आकडे उलगडून बघा. जुन्याचा फोटो ३००० बाय २००० पिक्सेलचा, नव्याचा ६००० बाय ४००० चा. म्हणजे लांबी-रुंदी दुप्पटच. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर जुन्यातूनही दहा इंच रुंद प्रिंट स्वच्छ निघते.

खरा फरक बघण्याच्या रीतीत आहे. डी४०मध्ये आरशावरून आलेला समोरचाच उजेड डोळ्यात शिरतो. आपण वस्तू बघतो, फोटो नंतर कळतो. एम१००ला व्ह्यूफाइंडरच नाही. फोटो कसा येईल ते स्क्रीनवर आधीच दिसतं, पण भर उन्हात ती स्क्रीन नीट दिसत नाही. उलट अंधुक सभागृहात नवा सरस: जुन्याची नेहमीची आयएसओ १६००पर्यंत, नव्याची २५६००. शिवाय जुन्यात व्हिडिओ नाही.

तेव्हा ‘कोणता चांगला?’ हा प्रश्न अपुरा आहे, ‘कशासाठी?’ हे जोडल्यावरच त्याला उत्तर मिळतं. घरात डी४० पडून असेल आणि नातवंडाला दिवसाउजेडी फोटो शिकायचे असतील, तर नवा घेण्याआधी त्याची बॅटरी चार्ज करून बघा. फक्त लेन्स घेताना तिच्यात ऑटोफोकसची मोटर आहे ना, ते विचारा. डी४०च्या बॉडीत ती नसते.