कपाळावरचा दिवा

रात्री वावरात ओलीत करणारा माणूस पाहिला आहे ना? हातात फावडे, पाय चिखलात, तिकडे दांड फुटलेला. आता सांगा बरं, बॅटरी धरायची कुणी? आमच्या कारंजा (घाडगे) भागात ती काखेत दाबतात, नाहीतर दातांत धरतात! शेतीपंपाच्या विजेची पाळी वर्षानुवर्षे आठवड्यातले काही दिवस रात्रीची असायची. गव्हाला, चण्याला, संत्र्याच्या बगीच्याला पाणी द्यायचे तर थंडीत उठावेच लागे. अन् धुऱ्यावर घोणस पसरलेली असली तर?

हल्ली बाजारात कपाळाला बांधायची चार्जिंगची बॅटरी मिळते. दोन्ही हात मोकळे! पण ही युक्ती नवी नाही बरं का. सन १९०० च्या सुमारास परदेशी खाणकामगार टोपीला कार्बाइडचा दिवा अडकवू लागले. वरच्या डबीतले पाणी थेंबथेंब कॅल्शियम कार्बाइडवर पडे, ॲसिटिलीन वायू निघे आणि तो जळे. उजेड झकास, पण ज्योत उघडी. कोळशाच्या खाणीत मिथेन वायू असला की मोठाच धोका!

मग विजेचे टोपीदिवे आले. दिवा टोपीवर, जड बॅटरी कमरेला आणि दोघांमध्ये वायर. आपल्या नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतही कोळसा निघतो. भूमिगत खाणीत उतरण्याआधी दिवाघरातून दिवा घ्यायचा, वर आल्यावर परत द्यायचा. एखादा दिवा परत आला नाही, की समजायचे, कुणीतरी अजून खाली आहे. आता हे दिवे एलईडीचे आणि हलके झालेत. त्यामागे निळ्या एलईडीचा शोध आहे. जपानमध्ये जन्मलेल्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. मात्र बाजारातली साधी बॅटरी कोळशाच्या खाणीत चालत नाही. तिथे ठिणगीचा धोका नसलेला, तपासून मान्य केलेला दिवाच लागतो.

मग जुने सगळे टाकाऊ? थांबा!

विहिरीत मोटार काढायला उतरण्याआधी जुनी माणसे पेटता कंदील दोराने खाली सोडत. विझला, की कुणी उतरायचे नाही. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते. कपाळावरची एलईडी मात्र हवा असो-नसो, झगझगीतच राहते! ती काहीच सांगत नाही. पण कंदिलावरही पूर्ण भरवसा नको. जवळ डिझेल इंजिन चालले असेल तर विहिरीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला मारतो तेव्हाही ज्योत जळतच असते. शिवाय खाली पेटणारा वायू असला तर ज्योतीनेच भडका उडेल. म्हणून वायू मोजणारे यंत्र नसेल तर विहिरीत उतरायचेच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कुणी खाली बेशुद्ध पडले तरी मागोमाग उडी घ्यायची नाही. आरडाओरडा करून मदत बोलवायची. एकामागे एक उतरून दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

वावरात मात्र कपाळावरची बॅटरीच बरी. किडे थेट तोंडावर येतात, समोरच्याचे डोळे दिपतात, ते सोडा. एक गंमत करून पाहा. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर दोरी आणि चार खडे टाका. टॉर्च आधी कपाळाशी धरा, मग गुडघ्याशी. कपाळाशी धरली की सावल्या वस्तूंच्या मागे दडतात आणि सगळे सपाट दिसते. गुडघ्याशी नेली की प्रत्येक खड्याची लांब सावली पडते, दोरीही चटकन उठून दिसते. कंदील हातात लोंबत असल्यामुळे हा फायदा आपोआप मिळे. धुऱ्यावरून चालताना बॅटरीचा पट्टा कपाळावरून काढून कमरेला बांधला, तरी हात मोकळेच राहतात!