निदान आधी, उपचार नंतर

वाहन जुने झाले की त्याच्या प्रत्येक तक्रारीचे खापर वयावर फोडण्याची आपली रीत आहे. ‘आता हे असेच चालायचे’ असे म्हटले की शोध थांबतो आणि खर्च मात्र सुरू राहतो. पुण्यातील एका कुटुंबाचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे.

कोथरूड भागात राहणाऱ्या एका निवृत्त लिपिकांची २०१२ सालची पेट्रोल गाडी जानेवारीत पीयूसी तपासणीत नापास झाली. भारत स्टेज चार मानकाच्या गाडीला, इंजिन मंद गतीवर असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम इतकी असते. त्यांच्या गाडीचे आकडे १.२ टक्के आणि ३१० असे आले. सायलेन्सरमधून धूर मात्र मुळीच दिसत नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. म्हणूनच तो अधिक घातक.

गॅरेजमध्ये एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलण्यात आले. आकडे जवळपास तेच राहिले. मग ऑक्सिजन सेन्सर नवा बसवला. तरीही फरक पडला नाही. अखेर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाल्याचा निर्वाळा मिळाला. खर्चाचा अंदाज चाळीस हजारांच्या घरात होता. मुलाने फोनवर सुचवले, “बाबा, आता विकूनच टाका.” एका परिचिताने तर गाडी न नेताच प्रमाणपत्र मिळवून देण्याची तयारी दाखवली. विम्याची मुदत जवळ आली होती. वैध प्रमाणपत्राविना गाडी चालवल्यास दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही ठाऊक होते. मोह व्हावा अशीच ती वेळ होती.

त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, “अहो, कागद बदलेल, हवा कशी बदलेल? खाली पार्किंगमध्ये रोज मुले खेळतात. गाडी तिथेच तर सुरू होते.”

त्या वाक्याने विषय मिटला. ते दुसऱ्या, वयस्क मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेट उघडण्याआधी तपासणीचा कागद मागितला. इंजिनाची गती २५०० फेऱ्यांपर्यंत नेऊन घेतलेल्या चाचणीत ‘लॅम्डा’ हा आकडा ०.९६ होता. हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात असतील तर तो १ च्या आसपास येतो, ०.९७ ते १.०३ ही त्याची मान्य कक्षा. त्याहून कमी म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे. केवळ कन्व्हर्टर बिघडला असता तर विषारी वायू वाढले असते, पण लॅम्डा जागचा हलला नसता. म्हणजे दोष कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला होता.

मग त्याने विचारले, “पेट्रोलचा हिशोब ठेवता का, काका?” काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढली. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असे. मे महिन्यापासून ते प्रमाण साडेतेरावर आले होते आणि थंडीत बारापर्यंत घसरले होते. वहीत मे महिन्याची आणखी एक नोंद होती : ‘गाडी गरम झाली, रेडिएटरचे काम.’

मेकॅनिकने स्कॅनर जोडून गाडी वीस मिनिटे फिरवली. इंजिनाचे तापमान ५५ अंशांच्या वर जाईना. ते ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिरावायला हवे होते. थर्मोस्टॅटचे झाकण उघडले, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. मे महिन्यात गाडी गरम होते म्हणून कोणीतरी तो काढून टाकला होता. त्यामुळे थंड पाणी सतत इंजिनात फिरत राही. तापमानाचा सेन्सर ‘इंजिन अजून थंड आहे’ असे खरे तेच सांगे आणि संगणक त्यानुसार जादा पेट्रोल सोडत राही. अनेक लहान गाड्यांप्रमाणे या गाडीतही तापमानाचा काटा नसल्याने हे कोणाच्या लक्षात आले नाही.

नवा थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी मिळून खर्च दोन हजारांच्या आत आला. पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झाले असण्याची शक्यता असल्याने तेही बदलले. इंजिन पुरते तापल्यावर पुन्हा तपासणी झाली. कार्बन मोनॉक्साइड ०.०८ टक्के, हायड्रोकार्बन ६० पीपीएम, लॅम्डा १.०० असे आकडे आले. निकामी ठरवलेला कन्व्हर्टर आपले काम चोख करत होता. मात्र आणखी काही काळ असेच जादा पेट्रोल जात राहिले असते, तर तोही खरोखरच जळाला असता.

गाडी नापास झाल्यास आधी तपासणीच्या कागदाची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील सर्व आकडे वाचावेत. चाचणीपूर्वी इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून तापवावे. भाग बदलण्याआधी ‘हाच भाग कशावरून?’ असे नम्रपणे विचारावे. पेट्रोल आणि दुरुस्तीच्या नोंदी तारखेनिशी एकाच वहीत ठेवाव्यात. या गाडीचा दोष शेवटी त्या वहीतल्या एका ओळीनेच दाखवला.