एटीव्हीची वीज : कुठून येते, कुठे अडते

• एटीव्ही : खडबडीत वाटेवरची, हँडलने वळणारी, रुंद आणि कमी हवेच्या टायरांची गाडी. होंडाची तीनचाकी 1970 मध्ये अमेरिकेत आली. तिथे 1988 मध्ये नव्या तीनचाकींची विक्री थांबली, चारचाकी उरली.

• जुनी रचना : कार्ब्युरेटर, मोजकी वायरिंग. बॅटरी बसली तरी दोरी ओढून इंजिन सुरू.

• नवी रचना : फ्युएल इंजेक्शन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), सेन्सर, अनेकदा पॉवर स्टिअरिंगही. पेट्रोलपंप विजेवर, वीज नाही तर पेट्रोल नाही. दोरीही बऱ्याच मॉडेलांतून गेली.

• स्टेटर एसी वीज तयार करतो. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिची डीसी करून व्होल्टेज आवरतो.

• मल्टिमीटर लावल्यावर : गाडी बंद असताना भरलेली 12 व्होल्टची बॅटरी सुमारे 12.6 ते 12.8 दाखवते, इंजिन चालू असताना साधारण 13.5 ते 14.5. आकडा चढलाच नाही तर दोष चार्जिंगमध्ये. 15 च्या वर गेला तर संशय रेग्युलेटरवर.

• विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी विजेची चरखी) पूर्ण भाराला शंभर अँपिअरहून जास्त ओढते. एवढे स्टेटर देत नाही. बाकीचे बॅटरीतून जाते.

• नेहमीचे गुन्हेगार : गंजलेले कनेक्टर, सैल अर्थिंग, घासलेली वायर. शेडमध्ये उभ्या गाडीत उंदीरही.