चरीचा संप आणि मुलाखतीतला प्रश्न

थळचा खत कारखाना, न्हावाशेव्याचं बंदर, डोलवीचा पोलाद कारखाना यांच्यासोबत गेल्या चार दशकांत रायगडच्या किनाऱ्यावर पगारी नोकरी आली, आणि नोकरीआधीची मुलाखतही. ‘सहकाऱ्याशी किंवा साहेबांशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत?’ हा तिथला ठरलेला प्रश्न. ‘माझं कधी कुणाशी वाजलंच नाही’ हे त्यावरचं पाठ केलेलं उत्तर. १९५४ साली जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांवरून माणसाचं काम जोखण्याची पद्धत मांडली. हा प्रश्न त्याच घराण्यातला. प्रसंगच न सांगणारा उमेदवार परीक्षकाच्या हाती काहीच देत नाही.

भांडण कसं हाताळावं, याचा धडा अलिबागजवळच्या चरीत आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन न कसण्याचं ठरवलं. संप १९३९ पर्यंत चालला. नुसत्या संतापावर सहा वर्षं निघत नाहीत. आपल्या कष्टाच्या भातातला रास्त वाटा आणि कूळ म्हणून हक्क, इतकी मागणी नेमकी होती. म्हणूनच ती शेताच्या बांधावरून कायदेमंडळात जाऊ शकली. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १९३९ साली कूळ कायदा झाला. खोती मात्र लगेच गेली नाही. त्यासाठी १९४९ चा कायदा यावा लागला.

यावर कुणी म्हणेल, तिथे गावंच्या गावं एकत्र होती. इथे उमेदवार एकटा, आणि समोरच्याच्या हातात नोकरी. वाद सांगितला तर भांडखोर म्हणून शिक्का बसेल. ही भीती मी खोटी मानत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या उरणच्या आंदोलनात पाच जण पोलीस गोळीबारात गेले. त्या घरांतल्या मुलाने संघर्ष हा शब्द जपून उच्चारला तर नवल नाही. पण कुळांपुढे नव्हती ती निवड उमेदवारापुढे असते: कोणता प्रसंग सांगायचा, हे तोच ठरवतो. माणसावरचा राग बाजूला ठेवून कामावरचा वाद त्याने निवडावा. उदाहरणार्थ: पाळी बदलताना नोंदवही अर्धवट मिळायची, म्हणून सहकाऱ्याशी खटका उडाला. आधी त्याच्याशी एकट्याशी बोललो, मग दोघं मिळून सुपरवायझरकडे गेलो. नोंदीसाठी दहा मिनिटं ठरली, रात्रपाळीचा घोळ मात्र सुटला नाही. हे शेवटचं वाक्य त्याने गाळू नये.